नोटरी केली म्हणजे रजिस्टर झालं का?

नाशिकमध्ये घर भाड्याने घ्यायला निघालात की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "अकरा महिन्यांचंच तर आहे, नोटरी करून टाकू." पाथर्डी फाटा असो, इंदिरानगर असो की नाशिकरोड, घरमालक, भाडेकरू आणि मधला एजंट या तिघांचं या बाबतीत पटकन एकमत होतं. स्टॅम्प पेपर आणायचा, ठरलेला मजकूर टाइप करून घ्यायचा, नोटरीसमोर सह्या ठोकायच्या, अर्ध्या तासात मोकळे. आणि मग वर्षभर तिघेही त्या कागदाला बिनधास्त 'रजिस्टर ॲग्रीमेंट' म्हणत राहतात.

तो रजिस्टर नसतो. नोटरी आणि नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायदे वेगळे, माणसं वेगळी, आणि कागदाला मिळणारं बळही वेगळं. नोटरी हा सरकारने नेमलेला, पण स्वतःचा व्यवसाय करणारा वकील असतो. त्याची नेमणूक १९५२ च्या नोटरी कायद्याखाली होते. दुय्यम निबंधक हा सरकारी अधिकारी. तो १९०८ च्या नोंदणी कायद्याखाली काम करतो. नोटरी सांगतो एवढंच, की अमुक माणूस माझ्यासमोर आला, त्याने ओळख पटवली आणि माझ्यादेखत सही केली. कागदात लिहिलेला व्यवहार कायदेशीर आहे, घर त्याच्याच मालकीचं आहे, यातलं काहीही तो सांगत नाही. नोंदणी झाली की मात्र व्यवहार सरकारी दफ्तरात चढतो आणि उद्या तिसऱ्या माणसाला तो शोधून काढता येतो.

माझ्या मते सगळा फरक या तिसऱ्या माणसाशी येऊन थांबतो. नोटरीचा कागद तुम्ही, समोरचा आणि नोटरीची वही यांच्यापुरता. त्या वहीत अनुक्रमांक पडतो, सही होते, कागदावर गोल शिक्का उमटतो आणि नोटरी तिकीट चिकटतं. दिसायला भारदस्त काम. पण ती वही नोटरीच्या कपाटात राहते. शहरात असे कितीतरी नोटरी आहेत आणि त्यांच्या वह्या एकमेकींशी बोलत नाहीत. उलट रजिस्ट्री ऑफिसात तुमचा फोटो निघतो, यंत्रावर अंगठा घेतला जातो, ओळख पटवणारे दोघे सोबत लागतात, आणि दस्ताच्या प्रत्येक पानावर दस्त क्रमांक, वर्ष, पान क्रमांक असा चौकोन छापून येतो. त्या दस्ताचा गोषवारा म्हणजे इंडेक्स टू. तो कुणालाही बघता येतो, अगदी ऑनलाइनसुद्धा.

आता भाड्याच्या घराकडे येऊ, कारण बहुतेकांचा या विषयाशी पहिला संबंध तिथेच येतो. अकरा महिन्यांचं खूळ आलं कुठून? १९०८ च्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. म्हणून वर्षाला एक महिना कमी ठेवायचा, नोंदणी टळली. बऱ्याच इतर राज्यांत ही पळवाट चालते. महाराष्ट्रात चालत नाही. आपल्याकडे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे आणि त्याचं कलम ५५ म्हणतं, की लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं घर वापरू देण्याचा, करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा. मुदत अकरा महिने असो, सहा असो. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

शिक्षेपेक्षाही मला त्याच कलमातली दुसरी ओळ जास्त बोचरी वाटते. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं. ते खोटं आहे हे घरमालकाने सिद्ध करायचं. म्हणजे तुम्ही पन्नास हजार अनामत घेतली, तो म्हणाला एक लाख दिली, तर कसरत तुमची. नोंदवलेल्या कराराचं नेमकं उलटं आहे. मुदत संपूनही भाडेकरू हलला नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, तिथे लेखी करार निर्णायक पुरावा ठरतो आणि जास्तीच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. हे माहीत असलेला घरमालक नोटरीवर का समाधान मानतो, हे मला आजवर कळलेलं नाही.

"खर्च फार येतो हो." येतो का? बारा हजार भाडं, अकरा महिने, पन्नास हजार अनामत असा साधा हिशोब मांडू. भाड्याचे झाले १,३२,०००. अनामतीवर सालाना १० टक्के व्याज गृहीत धरतात, ते अकरा महिन्यांचं साधारण ४,५८० होतं. बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे साडेतीनशेच्या आतबाहेर. शहरात नोंदणी फी हजार रुपये. वर दस्त हाताळणीचे थोडे आणि एजंटचे त्याचे काय ते. तोही हल्ली बायोमेट्रिकचं यंत्र घेऊन घरी येतो. आधार आणि अंगठा जुळला की सोफ्यावर बसल्या बसल्या दस्त होतो. नोटरीपेक्षा थोडा महाग, एवढंच. दोघांनी निम्मे निम्मे केले तर एका हॉटेलच्या बिलाची गोष्ट.

इथे स्टॅम्प पेपरचंही सांगायला हवं, कारण गोंधळात तिसरा भिडू तोच आहे. "पाचशेच्या स्टॅम्पवर केलंय" असं लोक ज्या ठसक्यात सांगतात, त्यावरून वाटावं की किंमत वाढली तशी कागदाची ताकद वाढते. मुद्रांक हा कर आहे. कर भरला म्हणून व्यवहार खरा ठरत नाही. भरला नाही तर मात्र कागद कोर्टात अडतो आणि दंड बसतो. हे नाशिककरांना तरी ठाऊक असावं, कारण हे कागद छापतो आपल्याच नाशिकरोडचा इंडिया सिक्युरिटी प्रेस. २००१ मध्ये पकडल्या गेलेल्या अब्दुल करीम तेलगीने याच प्रेसमधून मोडीत निघालेली यंत्रं मिळवून बनावट मुद्रांक छापले होते. ते प्रकरण निघालं आणि मुद्रांकांचा बराचसा कारभार हळूहळू फ्रँकिंग, ई-चलनाकडे वळला. राज्यात ऑक्टोबर २०२४ पासून शंभर-दोनशेच्या मुद्रांकावरची बरीच कामं पाचशेवर गेली. महाग झाली, मजबूत नव्हे.

भाड्याचा कागद चुकला तर नुकसान हजारांत. जमिनीचा चुकला तर जन्माचं.

शहर सगळ्या बाजूंनी पसरतंय आणि कडेच्या शेतजमिनींत गुंठा-दोन गुंठ्याचे तुकडे पाडून विकण्याचा धंदा जोरात आहे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, घरापुरता मोकळा. अडचण अशी, की १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने शेतजमिनीचा प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा विकता येत नाही. २०२३ पासून हे क्षेत्र बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असं आहे. शासनाने अधूनमधून सवलती दिल्या आहेत, पण त्या तुमच्याच जमिनीच्या गटाला लागू आहेत का हे तपासल्याशिवाय त्यांच्या भरवशावर राहू नये. दस्त नियमात बसत नसेल तर दुय्यम निबंधक तो घेत नाही. मग विकणारा सुचवतो: "रजिस्ट्री बंद आहे सध्या. नोटरी साठेखत करू, कुलमुखत्यारपत्र देतो, ताबा पावती देतो. रजिस्ट्री चालू झाली की खरेदीखत." साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार, कुलमुखत्यारपत्र म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार, खरेदीखत म्हणजे प्रत्यक्ष विक्रीचा दस्त. ताबा पावतीवर शिक्का, साठेखतावर शिक्का, कुलमुखत्यारपत्रावर शिक्का. घेणारा फाइल छातीशी धरून घरी जातो.

त्याच्या हातात काय आलं? मालकी नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५४ स्पष्ट आहे: शंभर रुपयांवरच्या स्थावर मालमत्तेची विक्री फक्त नोंदवलेल्या दस्ताने होते आणि नुसत्या साठेखताने मालमत्तेत कोणताही हक्क तयार होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात हेच ठणकावलं, की साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांची मोळी बांधली तरी तिचं खरेदीखत होत नाही. ताबा मिळाला असला तरी सप्टेंबर २००१ नंतर त्या ताब्याला कायद्याचं संरक्षण हवं असेल तर साठेखत नोंदवलेलं लागतं. सातबाऱ्यावर नाव विकणाऱ्याचंच राहतं. बँक कर्ज देत नाही. विकणारा वारला की त्याच्या वारसांची नावं चढतात आणि त्यातल्या एखाद्याला तुमचा चेहराही ठाऊक नसतो.

आणि इथे तो तिसरा माणूस उगवतो. समजा विकणाऱ्याने पुढे तीच जमीन दुसऱ्याला रीतसर रजिस्ट्रीने विकली. त्या दुसऱ्याच्या वकिलाने सर्च घेतला, म्हणजे त्या जमिनीचे आधी नोंदवलेले दस्त तपासले. सरकारी दफ्तरात तुमचा मागमूस नाही, कारण तुमचा व्यवहार नोटरीच्या कपाटातल्या वहीत आहे. नोंदवलेला दस्त बिननोंदणीच्या दस्ताला मागे सारतो, हा १९०८ च्याच कायद्याच्या कलम ५० चा साधारण नियम. जागेवर तुमचा प्रत्यक्ष ताबा असेल तर भांडायला थोडी जागा उरते, नुसता रिकामा प्लॉट असेल तर फार कमी. नोटरीच्या साठेखताचा अगदीच उपयोग नाही असंही नाही. ते दाखवून करार पुरा करून देण्याचा दावा लावता येतो. पण त्याला तीन वर्षांची मुदत आहे, आणि मुळात व्यवहारच तुकडेबंदीत अडकलेला असेल तर कोर्ट तरी काय पुरं करून देणार?

घरातल्या घरात हाच प्रकार हक्कसोडपत्राच्या वेळी होतो आणि तो मला जास्त खटकतो. बहिणी राखीपौर्णिमेला नाहीतर दिवाळीला माहेरी आलेल्या असतात. भाऊ म्हणतो, "ताई, नोटरीवर सही करून जा, बाकी मी बघतो." ताई विश्वासाने सही करते. तो कागद घेऊन भाऊ तलाठ्याकडे जातो आणि फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावांतला बदल, होत नाही, कारण स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा तर दस्त नोंदवलेलाच लागतो. वाडवडिलांच्या मिळकतीतला हिस्सा मोबदला न घेता भावंडांना सोडायचा असेल तर मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. म्हणजे पैसे वाचवायचे म्हणून नोटरी, हे कारणही इथे टिकत नाही. उरतं ते "ताईला कशाला ऑफिसात नेऊन बसवायचं" हे. मला वाटतं, तिला न्यायलाच हवं. तिथे अधिकारी दस्त मान्य आहे का असं विचारतो. कित्येक बायकांना आपण नेमकं काय सोडतोय हे त्या खुर्चीवर पहिल्यांदा कळतं.

बक्षीसपत्राचंही तसंच, नोंदणीशिवाय नाही. स्थावर मालमत्ता विकण्यासाठीचं, रद्द न करता येणारं कुलमुखत्यारपत्र असेल तर महाराष्ट्रात तेही नोंदवावं लागतं. मृत्युपत्र मात्र वेगळं. त्याला नोंदणी सक्तीची नाही, स्टॅम्पही लागत नाही. साध्या कागदावर लिहून स्वतःची आणि दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या की पुरे. नोटरीचा शिक्का मारल्याने ते जास्त पक्कं होतं हा निव्वळ समज. नोंदवलं तर हरवण्याची, बदललं जाण्याची भीती कमी, म्हणून नोंदवावं असं मी म्हणेन.

मग नोटरी कशाला हवी? तिचं स्वतःचं क्षेत्र आहेच. प्रतिज्ञापत्र, मूळ कागदाशी ताडून दिलेली खरी प्रत, परदेशी पाठवायचे कागद, कोर्टात दाखल करायची शपथपत्रं, कॉलेजला द्यायचं गॅप सर्टिफिकेट. इथे प्रश्न 'हे कोण म्हणतंय' एवढाच असतो आणि त्याचं उत्तर नोटरी चोख देतो. गंमत म्हणजे राज्य शासनाने २०१५ मध्येच बऱ्याच दाखल्यांसाठी प्रतिज्ञापत्र काढून साधं स्वयंघोषणापत्र पुरेसं केलं, तरी खिडकीवरचा माणूस अजून "नोटरी करून आणा" म्हणतो. जिथे नको तिथे मागायची आणि जिथे नोंदणी हवी तिथे नोटरीवर भागवायचं, असा आपला उलटा कारभार. नोटरीसमोर लग्न किंवा घटस्फोट उरकणारेही भेटतात. त्या कागदाने ना लग्न लागतं ना मोडतं.

रजिस्ट्रीलाही देव करू नये. दुय्यम निबंधक दस्ताची नोंद घेतो. विकणारा खरा मालक आहे अशी हमी देत नाही. ज्याची जमीनच नाही त्याने ती रीतसर नोंदवून विकल्याचे खटले कोर्टात पडलेले आहेत. म्हणून सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा, फेरफार, इतर हक्कांतला सोसायटीचा नाहीतर बँकेचा बोजा, हे सगळं दस्ताच्या आधी. आणि दस्तानंतर फेरफाराची नोंद मंजूर होईपर्यंत पाठपुरावा.

कपाटात एखादा नोटरी केलेला कागद पडला असेल तर आधी त्यावरची तारीख बघा. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला देता येतो, पुढचे चार महिने दंड भरून. दंड नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत. मुद्रांक कमी पडला असेल तर तो आधी पुरा करावा लागतो. आठ महिने उलटून गेले असतील तर तो कागद आता नोंदवला जाणार नाही. अशा वेळी विकणारा हयात आणि राजी असेपर्यंत त्याच्याकडून नवा दस्त करून घेणं हाच मार्ग राहतो.