पॉलिशची घाई नको : जुन्या घडीच्या चाकूचे वय कसे ओळखावे

जुना घडीचा चाकू हाती लागला की बहुतेकांची नजर आधी गंजावर जाते आणि हात पॉलिश पेपरकडे. मला हे बघवत नाही. तो चाकू कोणत्या कारखान्यातला, साधारण कोणत्या काळातला, अस्सल की जोडतोड केलेला, हे सांगणारा बहुतेक पुरावा पोलादाच्या अगदी वरच्या पातळ थरात असतो. ठशाच्या कडा, कारखान्यात घासताना उमटलेल्या बारीक रेघा, वर्षानुवर्षांच्या वापराने धरलेला काळसर रंग, सगळे तिथेच. दहा मिनिटांच्या घासकामात पाते उजळते आणि हा पुरावा भुग्याबरोबर निघून जातो. गेलेले पोलाद परत येत नाही. म्हणून आधी ओळख, मग वय आणि दुरुस्ती सर्वांत शेवटी, तीही ज्यावाचून अडेल तेवढीच.

ओळखीची सुरुवात मुठीपासून न करता पात्याच्या बुंध्यापासून करावी. पाते जिथे मुठीत शिरते तिथल्या चपट्या भागावर उत्पादकाचा ठसा असतो. चाकू उघडावा, बुंध्यावर तेलाचा एक थेंब सोडून मऊ कापडाने टिपावा आणि भिंगातून, बाजूने तिरपा प्रकाश टाकून पाहावे. समोरून पडणाऱ्या उजेडात न दिसणारी अक्षरे तिरप्या उजेडात सावल्यांमुळे उठून दिसतात. चाकूला दोन-तीन पाती असतील तर प्रत्येकाचा बुंधा, दोन्ही बाजूंनी पाहावा. कित्येकदा एका बाजूला नाव आणि दुसऱ्या बाजूला नमुन्याचा क्रमांक असतो.

ठशावरून वय सांगताना एक गल्लत फार होते. ठशाचे वय आणि चाकूचे वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीचे चांदणी आणि क्रॉसचे चिन्ह १६८२ पासूनचे, तर जर्मनीतल्या झोलिंगेनच्या हेंकेल्स घराण्याने जुळ्यांचे चिन्ह १७३१ मध्ये नोंदवले. ही चिन्हे पुढे शतकानुशतके वापरात राहिली. त्यामुळे जुळ्यांचा ठसा दिसला म्हणून चाकू अठराव्या शतकातला ठरत नाही. ठसा फक्त एक सीमा देतो : चाकू याआधीचा नाही. अशा तीन-चार सीमा जुळवल्या की काळ आपोआप आवळत येतो.

सर्वांत उपयोगी सीमा अमेरिकेच्या जकात कायद्याने दिली. १८९० च्या मॅकिन्ली कायद्यानुसार १ मार्च १८९१ पासून अमेरिकेत येणाऱ्या मालावर तो बनलेल्या देशाचे नाव असणे सक्तीचे झाले. त्यामुळे शेफिल्डच्या चाकूवर शहराच्या जोडीला 'इंग्लंड' किंवा झोलिंगेनच्या चाकूवर 'जर्मनी' असेल तर तो बहुधा १८९१ नंतरचा. उलट मात्र खात्रीने म्हणता येत नाही. देशाचे नाव नाही म्हणजे चाकू त्याआधीचाच असे नव्हे, कारण घरच्या बाजारासाठी केलेल्या मालाला हा नियम लागूच नव्हता. शेफिल्डच्या काही चाकूंवर मुकुट आणि राजाची आद्याक्षरे असतात. व्हिक्टोरिया राणीची 'व्ही आर' ही अक्षरे १८३७ ते १९०१ या तिच्या कारकिर्दीकडे बोट दाखवतात. 'जी आर' मात्र एकापेक्षा जास्त जॉर्ज राजांचे असू शकते, तिथे दुसऱ्या पुराव्याची जोड हवी.

काही कारखान्यांनी संग्राहकांचे काम फारच सोपे करून ठेवले आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या ब्रॅडफर्ड गावची केस कंपनी हे त्याचे उत्तम उदाहरण. तिच्या पात्यांवर साधारण १९२० ते १९४० पर्यंत 'केस टेस्टेड एक्स एक्स', त्यानंतर १९६४ पर्यंत नुसते 'केस एक्स एक्स' आणि १९६५ ते १९६९ या काळात त्याखाली 'यू एस ए' असा ठसा येतो. १९७० मध्ये ठशाखाली दहा ठिपके आले आणि दर वर्षी एक ठिपका कमी होत गेला. सात ठिपके मोजले तर चाकू १९७३ चा. १९८० मध्ये 'एस' अक्षराला विजेसारखा टोकदार आकार दिला गेला आणि मोजणी पुन्हा दहापासून सुरू झाली. नमुन्याचा क्रमांकही बोलका असतो. ६२५४ या क्रमांकातला ६ म्हणजे मुठीवर कोरीव हाड, २ म्हणजे दोन पाती आणि ५४ म्हणजे कारखान्याचा तो विशिष्ट नमुना. आता अशा क्रमांकाच्या चाकूला पिवळी प्लॅस्टिकची मूठ असेल तर ती नंतर बसवलेली आहे, किंवा निदान पाते तरी दुसरीकडून आले आहे.

यंत्रणेतल्या बदलांवरूनही काळ कळतो. फ्रान्सच्या ओपिनेल चाकूवर मुकुट घातलेल्या हाताचा ठसा १९०९ पासून येतो, तर पाते जागच्या जागी अडकवणारे फिरते कडे १९५५ मध्ये आले. ठसा आहे आणि मोठ्या मापाच्या चाकूला कडे नाही, तर तो या दोन वर्षांमधला. लहान मापांना मात्र आजही कडे नसते, तेव्हा आधी माप पाहावे. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सनर यांनी १८९१ मध्ये सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली, आणि अधिकाऱ्यांच्या चाकूची नोंदणी १८९७ मध्ये झाली. १९०९ पासून 'व्हिक्टोरिया' हे नाव आले आणि न गंजणारे पोलाद वापरू लागल्यावर १९२१ मध्ये त्याचे 'व्हिक्टोरिनॉक्स' झाले. १९६१ च्या नमुन्याच्या सैनिकी चाकूंवर तर वर्षाचे शेवटचे दोन आकडेच कोरलेले असतात.

पोलादही साक्ष देते. हॅरी ब्रियर्ली यांनी शेफिल्डमध्ये न गंजणारे पोलाद तयार केले ते १९१३ मध्ये. त्यात सुमारे १३ टक्के क्रोमियम होते. पृष्ठभागावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अदृश्य पातळ थर बसतो आणि ओरखडा पडला तरी हवेतल्या ऑक्सिजनने तो पुन्हा तयार होतो. त्यामुळे असे पाते असलेला चाकू त्याआधीचा असणे शक्यच नाही. चुंबकाने ही परीक्षा होत नाही, कारण पात्यासाठी वापरतात ते न गंजणारे पोलादही चुंबकाला चिकटते. रंग पाहावा. साधे कार्बन पोलाद वापरून राखाडी, निळसर, काळपट होते. न गंजणारे तसे होत नाही.

मुठीवरच्या आवरणाकडे आता यावे, आणि इथे जरा रेंगाळायला हवे, कारण सर्वाधिक फसवणूक इथेच होते. खऱ्या हाडात रक्तवाहिन्यांच्या सूक्ष्म नळ्या असतात. भिंगातून त्या बारीक काळ्या ठिपक्यांसारख्या किंवा तुटक रेघांसारख्या दिसतात, विशेषतः आवरणाच्या कडांना. शिंगाला बाहेरून खडबडीत साल आणि आत सच्छिद्र गाभा असतो. जुन्या चाकूंवरचे उत्तम शिंग बहुतेकदा सांबराचे. हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेघांची जाळी दिसते आणि ही जाळी नक्कल करणाऱ्याला साधत नाही. शिंपल्याची चमक रंगामुळे येत नाही. त्यात ॲरागोनाइट या खनिजाचे सुमारे अर्ध्या मायक्रॉन जाडीचे थर एकावर एक रचलेले असतात. त्या थरांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात, म्हणून चाकू फिरवला की गुलाबी-हिरवा रंग सरकतो. प्लॅस्टिकच्या नकलेत चमक असते, पण सरकण्याची ही खोली नसते.

कृत्रिम आवरणांचा फायदा असा की त्यांच्या जन्मतारखा ठाऊक आहेत. सेल्युलॉइड १८७० च्या आसपासचे, बेकेलाइट १९०७ चे, आणि हाडाची हुबेहूब नक्कल करणारे डेलरिन १९६० च्या सुमारास बाजारात आले. डेलरिन साच्यात ओततात, त्यामुळे त्याच नमुन्याचे दोन चाकू शेजारी ठेवले तर खाचान् खाच जुळते. हाडाचे तसे होत नाही. प्रत्येक तुकडा रंग वेगळा पितो. तापलेली सुई टोचून आवरण ओळखण्याचा एक सल्ला नेहमी दिला जातो. तो कृपा करून मानू नये. सेल्युलॉइड भडकन पेटते, आणि हाड असेल तरी कायमचा डाग राहतो. सेल्युलॉइड ओळखायला अंगठ्याने जोरात घासून वास घ्यावा : कापराचा वास येतो, कारण त्यात खरोखरच कापूर असतो.

जोडतोड केलेले चाकू ओळखायला पाती आणि मूठ यांचा मेळ पाहावा. शंभर वर्षे एकत्र राहिलेल्या दोन पात्यांचा काळेपणा सहसा एकाच जातीचा असतो. एक पाते काळे आणि दुसरे चकचकीत असेल तर शंका घ्यावी. खिळ्यांची डोकी पाहावीत. मुठीच्या टोकांवरच्या धातूच्या टोप्यांमध्ये मूळ खिळा इतका बेमालूम मिसळलेला असतो की तो शोधावा लागतो. नव्याने ठोकलेल्या खिळ्याभोवती वर्तुळ दिसते. चाकू पूर्ण उघडा असताना पाठीची कमान, म्हणजे पात्याला दाबून धरणारी पोलादी स्प्रिंग, आणि आतल्या पितळी पट्ट्या एका पातळीत असाव्यात. खोट्या ठशाचीही खूण आहे. मूळ ठसा पोलाद कडक करण्याआधी, मऊ असताना दाबून उमटवतात आणि घासकाम नंतर होते. त्यामुळे त्याचा तळ स्वच्छ असतो आणि त्याच्या कडा रेघांशी एकजीव झालेल्या असतात. आम्लाने किंवा लेझरने नंतर कोरलेल्या अक्षरांचा तळ उथळ आणि रवाळ दिसतो. पात्याची लांबीही मोजावी. वारंवार धार लावून झिजलेले पाते मुठीत मिटले की नको तितके आत बुडते.

एवढे सगळे टिपून घेतले, फोटो काढले, की मगच दुरुस्ती. आधी गंजाच्या दोन जाती वेगळ्या करायला हव्यात. लाल गंज भुसभुशीत असतो, पाणी धरून ठेवतो आणि खालचे लोखंड खात राहतो. तो मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा व्यापतो. मुठीतला लोखंडी खिळा गंजला की हाडाला खिळ्यापासूनच तडा जातो तो याच फुगण्यामुळे. काळा-राखाडी थर मात्र मुख्यतः मॅग्नेटाइट या लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडचा, दाट आणि चिकटून बसणारा असतो. तो पोलादाला काही अंशी सांभाळतोही. लाल काढावा, काळा राहू द्यावा. पांढरे कापड फिरवून पाहावे : केशरी पूड लागली तर गंज जिवंत आहे.

लाल गंज काढण्यासाठी पातळ खनिज तेल लावून एक-दोन दिवस थांबावे, आणि मग पितळी पट्टीच्या कडेने किंवा अगदी बारीक ब्राँझच्या तारलोकरीने हळूहळू सुटा करावा. पितळ कडक पोलादापेक्षा मऊ, म्हणून गंज निघतो पण पात्यावर ओरखडा उठत नाही. पाते अडकले असेल तर पकडीने ओढू नये, नखाने उघडण्यासाठी असलेल्या खाचेपाशी जुने पाते तुटते. तेल मुरू द्यावे आणि थोडे थोडे हलवत राहावे. व्हिनेगरात बुडवणे मला अजिबात मान्य नाही. आम्ल लाल गंजाबरोबर काळा थरही खाते. शिवाय आम्लाच्या क्रियेत सुटणारा हायड्रोजन ताणाखाली असलेल्या कडक पोलादात शिरून ते ठिसूळ करू शकतो, आणि पाठीची कमान ही नेमकी तशीच असते.

विजेच्या पॉलिश चाकापासून तर दूरच राहावे. पात्याला पाणी देताना पोलाद तापवून झटकन थंड करतात आणि मग साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतात. धारेजवळचे पोलाद इतके पातळ असते की चाकाच्या घर्षणाने ते काही क्षणांत त्या तापमानापलीकडे जाते. २३० अंशांच्या सुमारास गवती पिवळा रंग उमटतो, ३०० च्या जवळ निळा. हे रंग दिसले म्हणजे तिथले पाणी उतरले. धार लावता येते, पण ती टिकत नाही. पॉलिश केलेला चाकू ओळखणेही अवघड नाही. पात्यावरून आडव्या जाणाऱ्या कारखान्याच्या रेघा नाहीशा झालेल्या असतात, ठशाच्या कडा गोलावतात आणि आरशासारख्या पात्यात प्रतिबिंब लाटांसारखे हलते.

आतल्या पितळी पट्ट्या कळकतात. तो हिरवा थर लाकडी काडीने खरवडावा आणि तेलाने पुसावे. स्वच्छ झालेल्या पोलादावर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ हात द्यावा. संग्रहालयांत वापरले जाणारे रेनेसाँ वॅक्स हे असे मेण ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेतून आले आहे.

साठवताना चाकू चामड्याच्या म्यानात ठेवू नयेत. चामडे कमावताना वापरलेली आम्ले आणि क्षार ओलाव्याबरोबर पोलादावर आणि पितळेवर उतरतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या वर गेली की पोलाद झपाट्याने गंजू लागते, पण फार कोरड्या हवेत हाड, हस्तिदंत आणि लाकूड तडकतात. ४५ ते ५५ टक्के हा दोघांनाही मानवणारा पट्टा. हस्तिदंताचा चाकू विकण्याचा किंवा देशाबाहेर नेण्याचा विचार असेल तर आधी कायदा पाहावा. त्याच्या व्यापारावर जगभर कडक निर्बंध आहेत.

सेल्युलॉइडच्या मुठीचे चाकू मात्र बाकीच्यांबरोबर ठेवूच नयेत. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. काळाच्या ओघात त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडे सुटतात आणि ओलाव्याशी मिळून नायट्रिक आम्ल होते. हे आम्ल त्याच सेल्युलॉइडचे विघटन आणखी वेगाने घडवते, आणि बंद डबीत वेग वाढतच जातो. कोरड्या पेटीत ठेवलेल्या चाकूच्या पात्यावर, मुठीत मिटलेल्या भागातच अचानक गंज आला, पितळ हिरवे पडले, मुठीवर जाळीसारखे बारीक तडे दिसले, तर दोष हवेचा नाही, मुठीचा आहे. शेजारचे चांगले चाकूही त्या वाफेने गंजतात. जस्ताचे ऑक्साइड मिसळलेले अपारदर्शक प्रकार आम्ल शोषून घेतात म्हणून जास्त टिकतात, आणि पारदर्शक प्रकार लवकर बिघडतात. असा चाकू हवा खेळती राहील अशा उघड्या, थंड जागी, इतरांपासून वेगळा आणि पाते उघडे ठेवून ठेवावा. दर महिन्या-दोन महिन्यांनी वास घ्यावा, पाते पुसून मेणाचा हात द्यावा. मूठ चिकट होऊन घाम सुटल्यासारखी दिसू लागली की तिला वाचवण्याचा उपाय उरत नाही. तेव्हा सर्व बाजूंनी फोटो काढून, मापे घेऊन जाणत्या कारागिराकडून ते आवरण उतरवून घ्यावे, म्हणजे निदान पाती आणि त्यांवरचा ठसा वाचतो.