जुने फायर हायड्रंट

फायर हायड्रंट : आग विझवण्यासाठी शहराच्या भूमिगत जलवाहिनीतून थेट पाणी घेता यावे म्हणून रस्त्याच्या कडेला बसवलेला, झडपेने उघडबंद होणारा नळखांब. अमेरिकेत तो जमिनीवर उभा दिसतो, तर ब्रिटनमध्ये बहुधा बिडाच्या झाकणाखालच्या खड्ड्यात असतो. ही नोंद मुख्यतः एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या अमेरिकी हायड्रंटांची आहे. त्यांच्या घुमटाकार टोपीचे आणि खोबणीदार खांबाचे कौतुक फार होते. पण त्यांची घडण ठरवली ती लाकडी नळ, गोठणारे पाणी, न जुळणारे आटे आणि अखेर मोटारी या अडचणींनी.

लाकडी नळांचा काळ

लंडनला 1613 पासून न्यू रिव्हर या कालव्याचे पाणी मिळू लागले. ते एल्म वृक्षाचे ओंडके पोखरून केलेल्या नळांमधून वाहत असे. आग लागली की लोक रस्ता खणत, नळाला भोक पाडत आणि खड्ड्यात साचलेले पाणी बादल्यांनी किंवा हातपंपाने उचलत. आग विझल्यावर त्या भोकात लाकडी बुच ठोकले जाई. 1666 च्या प्रचंड आगीनंतर मात्र ठरावीक अंतरावर आधीच भोके पाडून, त्यांत बुचे बसवून ठेवण्याची पद्धत आली. हायड्रंटचा हा पूर्वज. त्यात एक मोठी उणीव होती : लाकडी नळाला जास्त दाब सोसत नाही. म्हणून रस्त्यातून फक्त पाणी मिळे. ते छपरापर्यंत फेकायचे काम पंप हाताने हापसणाऱ्या माणसांचे.

अमेरिकेतली सुरुवात फिलाडेल्फियात झाली. 1793 च्या पीतज्वराच्या साथीनंतर शहराला स्वच्छ पाण्याची निकड जाणवली आणि बेंजामिन लॅट्रोब याच्या आराखड्यानुसार उभारलेली जलयोजना जानेवारी 1801 मध्ये सुरू झाली. लॅट्रोबचा मदतनीस आणि पुढे या जलयोजनेचा प्रमुख झालेला फ्रेडरिक ग्राफ याला उभ्या खांबाच्या हायड्रंटचा जनक मानतात. त्याचे पेटंट 1836 च्या डिसेंबरात वॉशिंग्टनचे पेटंट कार्यालय जळाले तेव्हा जळून गेले, असा किस्सा सांगतात. हायड्रंटचे पेटंट आगीत जावे यात गंमत आहे खरी. मात्र कागदच उरला नसल्यामुळे ग्राफचे श्रेय हे चालत आलेले श्रेय आहे, एवढेच म्हणता येते.

बीड आणि दाब

बिडाचे नळ आले आणि दाबाचा प्रश्न बदलला. न्यूयॉर्क राज्यातल्या लॉकपोर्टच्या बर्डसिल हॉली याने 1863 मध्ये उंच टाकीवाचून, थेट पंपांच्या जोरावर जलवाहिनीत दाब टिकवणारी व्यवस्था उभारली. 1869 मध्ये त्याने हायड्रंटच्या सुधारित रचनेचे पेटंटही घेतले. आता होज पाइप हायड्रंटला जोडला की पंपाशिवायही पाण्याचा फवारा उडू शकत होता. अर्थात हायड्रंटची ताकद त्याच्यामागच्या यंत्रणेइतकीच. 1871 च्या शिकागोच्या आगीत जलकेंद्राचे छप्पर पेटून पंप थांबले आणि शहरभरचे हायड्रंट कोरडे पडले.

थंड प्रदेशांतली खरी डोकेदुखी होती बर्फाची. खांबात पाणी उभे राहिले की ते गोठून बीड फुटते. सुरुवातीला हायड्रंटभोवती लाकडी पेटी बांधून तीत भुसा भरत. टिकाऊ उत्तर निघाले ते कोरड्या खांबाचे. यात मुख्य झडप जमीन जिथवर गोठते त्याच्याही खाली, जलवाहिनीपाशी असते. वरच्या टोपीवरचा नट फिरवला की लांब दांडा खाली जाऊन ती उघडतो. झडप मिटली की तळाशी असलेली छोटी निचऱ्याची छिद्रे उघडतात आणि खांबात उरलेले पाणी भोवतीच्या खडीत झिरपते. या झडपांना पूर्वी चामड्याच्या चकत्या असत, पुढे रबर आले. वरचा नट पाचकोनी ठेवण्यामागेही विचार आहे : समोरासमोरच्या बाजू समांतर नसल्याने साधा पाना त्यावर नीट बसत नाही. त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याला हायड्रंट सहज उघडता येत नाही. कुठल्या शहरात नट डावीकडे फिरवायचा आणि कुठल्या शहरात उजवीकडे, याला मात्र धरबंध नव्हता. म्हणून टोपीवरच बाण ओतलेला असे.

कॅलिफोर्नियासारख्या उबदार भागात ही यातायात नको होती. तिथे ओला खांब चालतो : खांबात पाणी कायम भरलेले आणि प्रत्येक तोंडाला स्वतंत्र झडप. सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रीनबर्ग कारखान्याचे हायड्रंट या जातीचे प्रसिद्ध. गाडी आदळताच आकाशात कारंजे उडते असे चित्रपटांत दिसते, ते याच जातीला शोभते. कोरड्या खांबाची झडप पाण्याच्या दाबानेच मिटलेली राहते, त्यामुळे वरचा भाग मोडला तरी सहसा थेंबही येत नाही. हा गुण हेरून मोटारींच्या जमान्यात जमिनीलगत मुद्दाम कमकुवत सांधा ठेवायला सुरुवात झाली. धडक बसली की तेवढाच भाग तुटतो आणि नवे बोल्ट घालून खांब पुन्हा उभा करता येतो.

आट्यांचा घोटाळा

प्रत्येक ओतशाळेचा साचा वेगळा आणि प्रत्येक शहराचे आटे वेगळे, याची किंमत 7 फेब्रुवारी 1904 रोजी बाल्टिमोरने मोजली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क इथून बंब धावून आले, पण त्यांतल्या अनेकांचे होज तिथल्या हायड्रंटला लागेनात. आग तीस तासांच्या आसपास धुमसली आणि 1,500 हून अधिक इमारती गेल्या. त्यानंतर अडीच इंची तोंडाला इंचामागे साडेसात आटे असे राष्ट्रीय प्रमाण ठरले. ते ठरवणे सोपे होते. हजारो जुने हायड्रंट आणि मैलोन् मैल होज बदलण्याचा खर्च कोण सोसणार? म्हणून शंभर वर्षांनंतरही अनेक मोठ्या शहरांत जुनेच आटे चालू राहिले.

दोनच वर्षांनी, 18 एप्रिल 1906 च्या भूकंपात सॅन फ्रान्सिस्कोच्या जलवाहिन्या तुटल्या आणि शहर जळत असताना बहुतेक हायड्रंट कोरडे निघाले. चर्च स्ट्रीट आणि विसावा रस्ता यांच्या कोपऱ्याजवळच्या एका हायड्रंटला पाणी होते; त्याने मिशन भागातली आग थोपवायला मदत केली. दरवर्षी 18 एप्रिलला पहाटे लोक त्याला सोनेरी रंग देतात. शहराने त्यावर थांबण्यात अर्थ नव्हता. केवळ आगीसाठी वेगळी, उच्च दाबाची जलवाहिनी उभारली गेली आणि 1913 मध्ये ती पूर्ण झाली. तिचे जाडजूड हायड्रंट आजही वेगळे ओळखू येतात. त्यांच्या टोपीच्या रंगावरून पाणी कुठल्या टाकीतून किंवा जलाशयातून येते ते कळते.

इतरत्र रंगाचा अर्थ निराळा असतो. प्रचलित अमेरिकी शिफारशीनुसार टोपी फिकट निळी असेल तर मिनिटाला 1,500 गॅलन किंवा अधिक पाणी मिळते, हिरवी असेल तर 1,000 ते 1,499, नारिंगी असेल तर 500 ते 999 आणि लाल असेल तर 500 पेक्षा कमी. पण ही शिफारसच. गावोगावचे रंग वेगळे असू शकतात. 1976 मध्ये अमेरिकेच्या द्विशताब्दीनिमित्त तर अनेक गावांनी हायड्रंट स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांसारखे रंगवले होते.

भारतातील वळण

भारतात ब्रिटिश वळण आले. जमिनीखालच्या आणि उभ्या खांबाच्या अशा दोन्ही प्रकारांसाठी भारतीय मानके आहेत (आयएस 909 व आयएस 908). इथली 63 मिलिमीटरची जोडणी आट्यांची नसून दाबून बसवण्याची असल्याने बाल्टिमोरचा घोटाळा टळतो. मुंबईला 1860 पासून विहार तलावाचे पाणी मिळू लागले आणि नळाच्या पाण्यामागोमाग हायड्रंटही आले. पण ठरावीक तासांपुरताच पाणीपुरवठा होत असेल तर एरवी वाहिनीत दाब नसतो, आणि मग नीट असलेला हायड्रंटही कामाचा राहत नाही. म्हणून अग्निशमन दलाची भिस्त टँकरवर.

जुन्या हायड्रंटांचे संग्राहक मुख्यतः अमेरिकेत आहेत. लडलो, चॅपमन, मॅथ्यूज ही खांबावर ओतलेली बनावटींची नावे त्यांना पाठ असतात. भडक रंगाचे थर खरवडल्यावर खाली अक्षरे आणि खोबणी किती शाबूत आहेत, यावर किंमत ठरते. खांबावरच्या सनावर मात्र लगेच विश्वास ठेवू नये. पुष्कळदा ते पेटंटचे वर्ष असते. त्याच साच्यातून कारखाना पुढेही बराच काळ ओतकाम करत राहिलेला असू शकतो.