नेपाळचे तीन पट्टे : हिमाल, पहाड, तराई

नेपाळचा नकाशा आडवा असला, तरी देश उभा वाचावा लागतो. पूर्व-पश्चिम लांबी सुमारे 880 किमी. आणि दक्षिणोत्तर रुंदी सरासरी 200 किमी.च्या आत. एवढ्याशा रुंदीत जमीन झापा जिल्ह्यातल्या 60-70 मी. उंचीपासून सगरमाथ्याच्या (एव्हरेस्ट) 8,848.86 मी.पर्यंत चढते. त्यामुळे पूर्वेकडून पश्चिमेकडे शेकडो किलोमीटर गेले तरी पीक, घर, कपडे फारसे बदलत नाहीत. उत्तरेकडे मात्र दोन दिवस चढत गेले की सगळेच बदलते. नेपाळी माणूस देशाचे जे तीन भाग बोलता बोलता सांगतो, ते उंचीवरूनच पडले आहेत : खाली तराई किंवा मधेस, मध्ये पहाड आणि वर हिमाल.

पाठ्यपुस्तकांत या पट्ट्यांची विभागणी हिमाल 15, पहाड 68 आणि तराई 17 टक्के क्षेत्र अशी दिलेली असते. जनगणनेच्या तक्त्यांत हेच आकडे 35, 42 आणि 23 होतात. यात चूक कोणाचीच नाही. जनगणनेत अख्खा जिल्हा कुठल्यातरी एकाच पट्ट्यात टाकावा लागतो आणि हिमालात मोडणाऱ्या जिल्ह्याचा बराच भाग प्रत्यक्षात पहाडी असतो. लोकसंख्येचे चित्र मात्र स्पष्ट आहे. 2021च्या गणनेत 2 कोटी 91 लाखांपैकी 53.61 टक्के लोक तराईत, 40.31 टक्के पहाडात आणि 6.08 टक्के हिमालात होते. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला तराईचा वाटा साधारण 35 टक्के होता. देशाचा तोल असा दक्षिणेकडे कसा कलला, हे समजून घ्यायचे तर तराईपासूनच सुरुवात करावी लागते.

तराई

गंगेच्या मैदानाची ही उत्तरेकडची कड. गाळाची जमीन, भात, गहू, ऊस, पूर्वेला ताग. मैदान संपते तिथे दगडगोट्यांचा भाबर पट्टा लागतो, त्यामागे चुरे म्हणजे शिवालिकच्या ठिसूळ टेकड्या, आणि चुरे व महाभारत रांग यांच्या मध्ये चितवन, दांग यांसारखी दुने, म्हणजे सपाट तळाची खोरी. या दुनांना नेपाळीत ‘भित्री मधेस’, म्हणजे आतला मधेस म्हणतात.

पायथ्याच्या घनदाट जंगलाचे नाव होते ‘चारकोसे झाडी’. चार कोस रुंदीचे हे जंगल राज्याला तटबंदीसारखे वाटे आणि तटावरचा खरा पहारेकरी होता ‘औलो’, म्हणजे हिवताप. पहाडातले लोक उन्हाळ्या-पावसाळ्यात खाली रात्र काढायला धजत नसत; ये-जा व्हायची ती थंडीच्या महिन्यांत. 1857च्या उठावानंतर नानासाहेब पेशवे याच तराईत शिरले. 1859मध्ये ते इथेच तापाने गेल्याची बातमी आली. ती खरी की हूल, यावर पुढे बराच वाद झाला; पण तराईत तापाने माणूस गेला हे तेव्हा कोणालाही सहज पटण्याजोगे होते.

या रानात पिढ्यान्‌पिढ्या राहिले ते मुख्यतः थारू. त्यांच्यात अल्फा थॅलेसेमिया हा आनुवंशिक गुण मोठ्या प्रमाणात आढळतो आणि तो हिवतापापासून बराच बचाव करतो, असे संशोधनात दिसून आले आहे. 1950च्या दशकात अमेरिकी मदतीने डीडीटीची फवारणी सुरू झाली, चितवनमधून औलो हटला आणि पहाडातून कुटुंबांचा लोंढा खाली उतरला. जंगल तुटले. हिवतापाला पुरून उरलेले थारू जमिनीच्या कागदांना मात्र पुरून उरले नाहीत. पश्चिम तराईत त्यांच्यापैकी हजारो लोक पूर्वीच्याच जमिनीवर ‘कमैया’ म्हणजे कर्जापोटी राबणारे वेठगडी झाले. ही प्रथा सरकारने 17 जुलै 2000 रोजी बंद केली. तोडलेल्या रानाचा जो थोडा भाग वाचला, त्यातूनच 1973मध्ये चितवनचे राष्ट्रीय उद्यान झाले. 2021च्या मोजणीत देशात एकशिंगी गेंडे 752 भरले.

आज देशाचे धान्यकोठार तराईच आहे आणि कारखानदारीही मोठ्या प्रमाणात इथेच. विराटनगरची ताग गिरणी 1936ची. वीरगंज हे आयातीचे मुख्य दार. सीमा खुली असल्याने दोन्हीकडचे सोयरसंबंध पिढीजात आहेत. भाषा पूर्वेकडून मैथिली, भोजपुरी, अवधी अशा बदलत जातात, थारूही आहेच. जनकपूरला सीतेचे माहेर मानतात. तिथल्या मातीच्या भिंतींवर बायकांनी काढलेली मिथिला चित्रे आता कागदावर आणि कापडावर उतरून बाजारात गेली आहेत.

पहाड

महाभारत रांग आणि तिच्या मागची डोंगरी खोरी म्हणजे पहाड. नेपाळचे जे चित्र बाहेर पोचले, ते बहुतेक इथलेच : उतारावर कोरलेली शेते, पाठीवर डोको (विणलेली टोपली) आणि कपाळाला नाम्लोचा पट्टा लावून ओझे वाहणारी माणसे. जमिनीची नावे व्यवहारी आहेत. पाटाचे पाणी मिळते आणि भात होतो ते ‘खेत’. पावसावरची मका-कोदोची पायरी म्हणजे ‘बारी’. खोऱ्याच्या तळाला ‘बेंसी’ आणि थंड कड्याला ‘लेक’ म्हणतात. एकाच कुटुंबाची जमीन बेंसीपासून लेकपर्यंत विखुरलेली असणे पूर्वी नेहमीचे होते, म्हणजे एक पीक बुडाले तरी दुसरे हाती लागे. मराठी वाचकाची इथे एका शब्दाने फसगत होते : नेपाळी ‘कोदो’ म्हणजे आपला कोद्रा नव्हे, ती आपली नाचणी. तिचे किंवा मक्याचे पीठ उकळत्या पाण्यात घोटून ‘ढिंडो’ करतात. सोबत आंबवून वाळवलेल्या पालेभाजीचे गुंद्रुक असते.

डोंगरशेतीवर घर वर्षभर कधीच चालले नाही. म्हणून मगर, गुरुंग, राई, लिंबू या जमातींचे तरुण पलटणीत गेले. रणजितसिंहांच्या फौजेसाठी लाहोरला जाणारा तो ‘लाहुरे’; पुढे 1815पासून इंग्रजांच्या गुरखा पलटणी निघाल्या तरी शब्द तोच राहिला, आणि आता कतार किंवा मलेशियाला जाणाऱ्यालाही तो लागू होतो. परदेशातून येणारा पैसा देशाच्या सकल उत्पन्नाच्या सुमारे एक चतुर्थांश भरतो. त्या पैशावर पत्रे चढले, मुले शहरातल्या शाळांत गेली आणि मागोमाग अनेक गावांत बारी पडीक राहिली. पडीक रानातून माकडे थेट परसात येतात, ही पहाडातली आजची सार्वत्रिक तक्रार आहे. कोकणातल्या वाचकाला ती वेगळी समजावून सांगायला नको.

पूर्वेकडे इलामचा चहा (लागवड 1863पासून) आणि ताप्लेजुंग भागातली मसाला वेलची ही नगदी पिके. काठमांडूचे खोरे पहाडातच आहे, पण ते वेगळे प्रकरण आहे. सुमारे 1,300 मी. उंचीवरचा हा जुन्या सरोवराचा सुपीक तळ, नेवारांची दाट वस्ती आणि व्यापारी शहरे. पृथ्वीनारायण शहांनी 1768-69मध्ये ते जिंकले. त्यानंतरही कितीतरी काळ पहाडी माणूस काठमांडूला निघाला की ‘नेपाळला जातो’ असेच म्हणायचा. नाव आधी खोऱ्याचे होते, देशाला ते पुढे मिळाले.

हिमाल

महाबळेश्वरहून वाईला उतरताना पाऊस कसा विरळ होतो, हे आपण पाहिलेले असते. इथे तीच गोष्ट अफाट प्रमाणात घडते. पोखऱ्याजवळच्या लुम्लेला वर्षाला 5,000 मिमी.हून अधिक पाऊस पडतो. अन्नपूर्णेच्या मागे जोमसोमला 300 मिमी.सुद्धा नाही. मधले हवाई अंतर 60 किमी.च्या आत. जोमसोम ज्यात येते त्या मुस्तांगची घरे त्यामुळे सपाट धाब्याची, मातीची, आणि शेती हिमनालेच पोसतात.

धौलागिरी (8,167 मी.) आणि अन्नपूर्णा (8,091 मी.) यांच्या मधून काली गंडकी वाहते. मराठी देवघरातला शाळिग्राम याच नदीतला. तो म्हणजे हिमालय उठण्यापूर्वी इथे असलेल्या टेथिस समुद्रातल्या शंखासारख्या प्राण्याचा जीवाश्म. सकाळ सरली की या दरीत असा वारा सुटतो, की जोमसोमची विमाने सकाळीच उरकावी लागतात. वर मुक्तिनाथ : हिंदूंचे तीर्थ आणि बौद्धांचेही.

याच वाटेने तिबेटचे मीठ खाली यायचे आणि पहाडाचे धान्य वर जायचे. एके काळी मिठाचा ठेका इथल्या थकाली लोकांच्या हाती होता. 1959नंतर तिबेटची सीमा आवळली गेली, खालून भारतीय मीठ स्वस्तात आले आणि हा व्यापार बुडाला. थकालींनी पोखरा आणि काठमांडू गाठून खानावळी काढल्या. आज नेपाळभर ‘थकाली थाळी’ची पाटी दिसते, तिचा उगम त्या बुडालेल्या व्यापारात आहे. एव्हरेस्टच्या पायथ्याच्या खुंबूतल्या शेर्पांनीही असेच केले : तिबेटचा व्यापार आटला आणि ते गिर्यारोहणाकडे वळले. गिर्यारोहकांचा पैसा पोचतो तो थोड्याच दऱ्यांत. डोल्पा, रुकुमकडे घर चालते ते यार्सागुम्बावर. अळीच्या देहातून उगवणारी ही औषधी बुरशी चीनमध्ये सोन्याच्या मोलाने जाते. उन्हाळ्याच्या अखेरीला ती वेचायला गावेच्या गावे कुरणांवर जातात आणि शाळा ओस पडतात.

पश्चिमेचा कर्णाली भाग सर्वांत मागे राहिला. मात्र आजची नेपाळी भाषा निघाली ती इथल्या, जुम्लाच्या सिंजा खोऱ्यातूनच. जुम्लात ‘मार्सी’ नावाचा लालसर तांदूळ जवळपास 3,000 मी. उंचीवर पिकतो. तरीही सरकारी मदतीचा पांढरा तांदूळ अनेक वर्षे विमानाने येत राहिला आणि मार्सी गरिबाचे अन्न ठरली. आता तीच काठमांडूच्या दुकानात महाग मिळते.

पट्टे आणि राज्यकारभार

राजाच्या पक्षविरहित पंचायत राजवटीने (1960-90) एक भाषा आणि एक पोशाख ही देशाची ओळख ठरवली. पोशाख अर्थातच पहाडी दौरा-सुरुवाल आणि टोपी. धोतरातला मधेसी आपल्याच राजधानीत परका ठरला. होळीसुद्धा पहाडात पौर्णिमेला आणि तराईत दुसऱ्या दिवशी असते, आणि सुट्टीही तशीच दोनदा द्यावी लागते. 2007च्या मधेस आंदोलनामागे अशी साठलेली खदखद होती. 1972च्या विकास क्षेत्रांनी देश उभा कापला होता, म्हणजे प्रत्येकाला थोडा हिमाल, थोडा पहाड, थोडी तराई. कल्पना वाईट नव्हती, पण प्रत्येक तुकड्यात कारभार पहाडी लोकांकडेच राहिला.

20 सप्टेंबर 2015च्या संविधानाने सात प्रदेश केले. त्यांतला मधेस प्रदेश तेवढा संपूर्ण तराईतला : क्षेत्राने सर्वांत लहान आणि लोकसंख्या 61 लाखांवर. क्षेत्राने सर्वांत मोठ्या कर्णालीत माणसे जेमतेम 17 लाख, आणि मैदानी तराई तिला नाहीच. प्रदेशांच्या सीमांवरून मधेसी पक्ष तेव्हाच चिडले होते. त्याच वर्षी दक्षिणेची, भारताच्या सीमेवरची नाकी महिनोन्‌महिने अडली आणि काठमांडूच्या चुली गॅसवाचून लाकडावर आल्या. प्रदेशांना आधी नुसते क्रमांक होते. दोन नंबरच्या प्रदेशाने जानेवारी 2022मध्ये मधेस हे नाव घेतले. एक नंबरचे कोशी हे नाव 1 मार्च 2023 रोजी ठरले, आणि नदीऐवजी किरात-लिंबुवान ही राई-लिंबूंसारख्या स्थानिक जमातींची ओळख नावात हवी म्हणून पूर्वेच्या पहाडात लगेच निदर्शने सुरू झाली.