ओव्हरड्राइव्ह स्वयंचलित गिअरबॉक्सची जुन्या मोटारीत बसवणी

जुन्या मोटारीचा मूळचा दोन किंवा तीन वेगांचा स्वयंचलित गिअरबॉक्स काढून त्या जागी ओव्हरड्राइव्ह असलेला, बहुधा चार वेगांचा, गिअरबॉक्स बसवण्याची पद्धत. ती मुख्यतः अमेरिकेत, १९५० ते १९७० च्या दशकांतील मागील चाकांना चालना असलेल्या गाड्यांसाठी रूढ आहे. ओव्हरड्राइव्हमध्ये गिअरबॉक्समधून बाहेर येणारा दंड इंजिनापेक्षा जलद फिरतो, त्यामुळे तोच वेग इंजिनाच्या कमी फेऱ्यांत आणि कमी इंधनात मिळतो.

अशा गिअरबॉक्सच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. ओव्हरड्राइव्ह ही कल्पना जुनी आहे. क्रायस्लर एअरफ्लोमध्ये (१९३४) बोर्ग-वॉर्नरचे ओव्हरड्राइव्ह होते, पण ते हाताने बदलायच्या गिअरबॉक्सला जोडलेले. १९४० च्या ओल्ड्समोबिलसाठी आलेल्या हायड्रा-मॅटिकला चार वेग होते खरे, मात्र त्याचे चौथे प्रमाण १:१ (म्हणजे बाहेरचा दंड इंजिनाइतकाच फिरणारा) असल्याने त्याला या परंपरेचा आरंभ मानता येत नाही. ‘पहिला’ हा मान बरेच अमेरिकन लेखन फोर्डच्या एओडी (ऑटोमॅटिक ओव्हरड्राइव्ह) गिअरबॉक्सला (१९८०) देते; तो अमेरिकी बनावटीपुरताच खरा दिसतो. टोयोटाचा आयसिन-वॉर्नर गिअरबॉक्स १९७७ च्या सुमाराचा, म्हणजे त्याआधीचा आहे. १९७३ चे तेलसंकट आणि १९७५ चा इंधनबचतीचा कायदा यांमुळे अमेरिकन कारखाने इकडे वळले. पुढे हे गिअरबॉक्स भंगारात मिळू लागल्यावर, बहुधा १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, जुन्या गाड्यांत ते बसवण्याची प्रथा पसरली असावी.

लाभ इंजिनाच्या फेऱ्यांत दिसतो. क्राउन-पिनियनचे (मागील आसावरील दंतचक्रांच्या जोडीचे) प्रमाण ३.७३ आणि टायरचा व्यास २६ इंच असल्यास ताशी ६० मैलांना इंजिन मिनिटाला सुमारे २,९०० फेरे घेते, ०.७० च्या ओव्हरड्राइव्हने ते सुमारे २,०३० वर येतात. क्राउन-पिनियनचे प्रमाण आधीच ३.०८ असेल, तर ओव्हरड्राइव्हमध्ये हेच फेरे १,७०० च्याही खाली जातात आणि इंजिन दमते. त्यामुळे क्राउन-पिनियन न पाहता केलेली बसवणी बहुधा निराशा करते.

जनरल मोटर्सच्या गाड्यांत दोन पर्याय प्रचलित आहेत (कंसात आरंभीचे वर्ष व चार गिअरांची प्रमाणे) : २००-४आर (१९८१, २.७४, १.५७, १.००, ०.६७) व ७००आर४ (१९८२, ३.०६, १.६३, १.००, ०.७०). दुसऱ्याचा प्रसार अधिक. त्याचा पहिला गिअर गाडी जोमाने उचलतो, पण दुसऱ्यात जाताना फेरे एकदम पडतात. शिवाय तो जनरल मोटर्सच्या जुन्या, तीन वेगांच्या टर्बो ३५० गिअरबॉक्सपेक्षा सुमारे ३ इंच लांब असल्याने प्रोपेलर शाफ्ट (मागील आसाला बल पोचवणारा दंड) कापावा लागतो आणि क्रॉस मेंबर (गिअरबॉक्सचा आधार असलेली आडवी पट्टी) हलवावा लागतो. लांबीने टर्बो ३५० एवढाच असलेला २००-४आर जुन्या शेव्हरोलेत अधिक सहज बसतो. ब्युइक ग्रँड नॅशनलमध्ये तोच होता, तेव्हा तो नाजूक असल्याचा समज सरसकट मान्य करता येत नाही. ७००आर४ च्या १९८५ पूर्वीच्या नगांचा प्रवेशदंड (इंजिनाकडून बल घेणारा दंड) २७ खाचांचा, नंतरच्यांचा ३० खाचांचा असून नंतरचे श्रेयस्कर.

सर्वाधिक नुकसान होते ते टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबलपायी. टर्बो ३५० मध्ये तेलाचा दाब निर्वात मॉड्युलेटर (इंजिनातील निर्वातावर चालणारा नियंत्रक) ठरवतो व केबल फक्त खालचा गिअर पाडते. ७००आर४ मध्ये मॉड्युलेटरच नाही. दाब व गिअर बदलण्याची वेळ दोन्ही केबलवर अवलंबून असतात. पूर्ण थ्रॉटलला केबल पूर्ण ओढली गेलीच पाहिजे आणि मधल्या टप्प्यांतही तिची चाल बरोबर हवी. कार्बोरेटर बदललेला असल्यास त्याच्या दांडीची भूमिती जुळत नाही, दाब कमी पडतो आणि गिअरबॉक्समधील क्लच थोड्याच अंतरात जळतात. म्हणून दांडीवर ही भूमिती सुधारणारी पट्टी (ब्रॅकेट) लावतात. ७००आर४ ची पुढची इलेक्ट्रॉनिक आवृत्ती असलेल्या ४एल६०ई ला केबल लागत नाही, पण वेगळा नियंत्रक लागतो. टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनाचे बल तेलातून गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या भागाच्या) लॉकअपसाठी, म्हणजे तो थेट जोडला जाण्यासाठी, वायरिंग, तेलाचा कूलर व स्पीडोमीटरचे दंतचक्र यांचीही सोय करावी लागते.

फोर्डच्या एओडीमध्ये तिसऱ्या गिअरला सुमारे ६० टक्के बल यांत्रिक दंडातून, उरलेले कन्व्हर्टरमधून जाते. चौथ्यात सर्व बल यांत्रिक मार्गाने. क्रायस्लरचे ए५०० व ए५१८ हे त्याच कंपनीच्या जुन्या टॉर्कफ्लाइट गिअरबॉक्समागे ओव्हरड्राइव्हचा भाग जोडून तयार झाले.

भारतात २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या वाहनाला ‘व्हिंटेज’ नोंदणीसाठी मूळ स्वरूप राखावे लागते. त्यात चासी, बॉडी शेल व इंजिन यांतील बदलांचा स्पष्ट उल्लेख आहे, गिअरबॉक्सचा नाही.