बारा बटणं कोणाला हवीत? गेमिंग माऊस आणि कीबोर्ड घेण्याआधी वाचा

गेमिंग माऊस बघायला येणारे बहुतेक ग्राहक आधी विचारतात, ‘बटणं किती?’ आणि लगेच, ‘डीपीआय किती?’ आम्ही उलट विचारतो, ‘खेळता काय?’ त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय आम्ही शोकेसमधून काही काढत नाही. एकाच किमतीचा माऊस एकाला वर्षानुवर्षं पुरतो आणि दुसऱ्याच्या टेबलावर महिन्याभरात धूळ खातो. माऊस दोन्हीकडे चांगलाच असतो, पण खेळ वेगळा असतो. दुकानातल्या गर्दीत हे सगळं सविस्तर सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक छापलं आहे. घरी निवांत वाचा.

बाराच का?

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा खेळ २००४ साली आला. त्यात स्क्रीनच्या तळाशी बारा चौकोनांची पट्टी असते. एकेका चौकोनात एकेक हल्ला, ढाल, औषध, मंत्र. कीबोर्डच्या वरच्या ओळीतली १ ते ९, मग शून्य, वजा आणि बरोबर ही बारा बटणं त्या चौकोनांना जोडलेली असतात. फायनल फँटसी १४ मध्येही एका पट्टीत बाराच जागा आहेत.

आता डावा हात कॅरेक्टर चालवायच्या डब्ल्यू-ए-एस-डी या बटणांवर ठेवून बघा. १ ते ५ पर्यंत बोटं सहज जातात. सहाला ताण पडतो. आठ, नऊ, शून्य गाठायचं तर अख्खा हात उचलावा लागतो, आणि तेवढ्या वेळात कॅरेक्टर चालवण्यावरचा ताबा सुटतो. समोरून वार येत असताना तो अर्धा सेकंद फार महाग पडतो.

रेझर कंपनीने २००९ साली ‘नागा’ माऊस आणला तो या अडचणीवर. न पोचणारी ती बारा बटणं त्यांनी उजव्या अंगठ्याखाली आणून ठेवली. डावा हात फक्त चालवण्यासाठी मोकळा राहिला. पुढे लॉजिटेकचा जी-६००, कॉर्सेअरचा सिमिटार, स्वस्तात रेड्रॅगनचा एम-९०८ असे बरेच माऊस त्याच धर्तीवर आले. शिफ्ट धरून तीच बारा बटणं दाबली की आणखी बारा कामं होतात, कंट्रोल धरून आणखी बारा. जी-६०० मध्ये तर अनामिकेखाली एक जादा बटण आहे. ते दाबून धरलं की अंगठ्याखालच्या बाराही बटणांचा अर्थ बदलतो, कीबोर्डला हात लावायची गरज पडत नाही.

तेव्हा तुम्ही असा मोठा ऑनलाईन खेळ खेळत असाल, जिथे वीस-पंचवीस मंत्र हाताशी लागतात, तर बारा बटणांचा माऊस जरूर घ्या. त्या खेळाडूला आम्ही दुसरं काही सुचवणारच नाही. गिल्ड वॉर्स २ मध्ये दहा स्किल असतात, तिथेही तो उपयोगी पडतो.

अंगठ्याला सवय लावणं

इथे बरेच जण हिरमुसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. अंगठा हे आपलं जाड, ताकदीचं बोट. पकडणं हे त्याचं नेहमीचं काम, नेमकं बटण हुडकणं हे त्याला नवीन असतं. तीन-तीन बटणांच्या चार ओळी त्याच्याखाली एकदम आल्या की पहिल्या दिवशी दर दोन दाबांमागे एक चुकतो आणि माणूस म्हणतो, ‘पैसे वाया गेले.’ तसं नसतं. बाराही बटणं एकदम जोडायला जाऊ नका.

आधी डोळे मिटून माऊस पकडा आणि अंगठा आपसूक कुठे टेकतो ते बघा. बहुधा तो मधल्या दोन ओळींवर असतो. तुम्ही सर्वांत जास्त वापरता ते तीन हल्ले तिथे जोडा. आठवडाभर तेवढ्यावरच खेळा, बाकीचं कीबोर्डवरून चालू द्या. मग पुढची ओळ. सर्वांत मागची ओळ दाबायला अंगठा दुमडावा लागतो, म्हणून तिथे घाईची कामं नकोत. घोड्यावर बसणं, नकाशा उघडणं, औषध पिणं असं निवांत काही ठेवा. घाईत चुकून दाबलं तर नुकसान होईल असं बटण अगदी कडेला जाऊ द्या.

माऊस हातात घेतल्यावर अंगठ्याचं टोक बटणांवरून हळू फिरवा. चांगल्या माऊसमध्ये ओळी बोटाला वेगळ्या लागतात. सिमिटारमध्ये एकाआड एक ओळ खरखरीत आहे, शिवाय बटणांची अख्खी पट्टी पुढे-मागे सरकवून आपल्या अंगठ्याच्या लांबीप्रमाणे बसवता येते. काही स्वस्त माऊसमध्ये बाराही बटणं सपाट आणि एकसारखी असतात. त्यांवर सवय व्हायला फार वेळ लागतो. खोक्यावरच्या चित्रात हे दिसत नाही, हात लावूनच कळतं.

व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राईक खेळणाऱ्यांनी

बारा बटणांचा माऊस घेऊ नका. आमच्याकडे तो शिल्लक असला तरी आम्ही हेच सांगू. बारा बटणांचे माऊस साधारण १२० ते १३५ ग्रॅमचे असतात. नेमबाजीच्या खेळात मनगट झटक्यात वळवायचं आणि जागेवर थांबवायचं असतं, तिथे हे वजन आड येतं. शिवाय झटका देताना अंगठा माऊस घट्ट आवळतो आणि नको ते बटण दाबलं जातं. बाजूचं बटण जोरात दाबलं की माऊसही किंचित सरकतो आणि नेम हलतो.

या खेळांना अंगठ्याखाली दोन बटणं पुरतात, एक चाकू किंवा ग्रेनेडला, एक बोलण्यासाठी. वजन ६० ते ८५ ग्रॅमच्या आसपास बघा. लॉजिटेकचा जी-१०२ हा ८५ ग्रॅमचा, सहा बटणांचा साधा वायरवाला माऊस सुरुवातीला अगदी योग्य. त्याच कंपनीचा जी प्रो एक्स सुपरलाईट ६३ ग्रॅमच्याही आत आहे, पण हात बसल्याशिवाय एवढा खर्च करू नये असं आमचं स्पष्ट मत.

डोटा २ किंवा लीग ऑफ लेजंड्स खेळणारे या दोघांच्या मधले. त्यांची मुख्य स्किल डाव्या हाताखालीच असतात. अंगठ्याला वस्तू वापरण्यापुरती पाच-सहा बटणं मिळाली की भागतं. नागाच्या काही मॉडेलमध्ये बाजूची पट्टी काढून बदलता येते. नागा ट्रिनिटीबरोबर २, ७ आणि १२ बटणांच्या तीन पट्ट्या येतात. घरात दोघं भाऊ वेगवेगळे खेळ खेळत असतील तर असा एकच माऊस दोघांना चालतो.

आणि पालकांसाठी : मुलगा माइनक्राफ्ट खेळत असेल तर त्यातल्या पट्टीत नऊच जागा असतात आणि त्या माऊसच्या चाकानेही बदलतात. त्याला साधा सहा बटणांचा माऊस द्या. बारा बटणांचे माऊस अंगाने मोठे असतात, लहान हाताला अंगठा पुढच्या ओळीपर्यंत पोचतसुद्धा नाही.

डीपीआयचे मोठे आकडे

माऊस एक इंच सरकवल्यावर कॉम्प्युटरला किती टप्पे कळवतो, तो आकडा म्हणजे डीपीआय. स्क्रीनची रुंदी १९२० ठिपके धरा. १६०० डीपीआयला माऊस सव्वा इंचाच्या आत हलवला की बाण या टोकाचा त्या टोकाला जातो. १६,००० डीपीआयला तेच काम जेमतेम ३ मिलिमीटरमध्ये होतं. एवढ्याशा हालचालीत नेम धरता येत नाही. मुरलेले खेळाडू बहुधा ४०० ते १६०० च्या दरम्यानच खेळतात. त्यापुढच्या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नका. त्यापेक्षा खोक्यावर सेन्सरचं, म्हणजे माऊसची हालचाल टिपणाऱ्या भागाचं, नाव दिलं आहे का ते बघा. नाव न देता नुसता मोठा आकडा छापला असेल तर आम्हाला दाखवा, आपण मिळून तपासू.

घरी गेल्यावर एक काम करा. विंडोजच्या माऊस सेटिंगमध्ये ‘एनहान्स पॉइंटर प्रिसिजन’ असं लिहिलेलं असतं, त्यापुढची खूण काढून टाका. ती असली की माऊस जोरात हलवल्यावर बाण जास्त पळतो आणि हाताला अंदाज बसत नाही.

वायरलेस घेत असाल तर खेळताना त्याच्याबरोबर आलेला छोटा डोंगलच (यूएसबीत लावायचा रिसीव्हर) वापरा, ब्लूटूथ नको. डोंगल कॅबिनेटच्या मागे निळ्या यूएसबी ३ पोर्टशेजारी लावला तर त्या पोर्टच्या लहरींमुळे माऊस अडखळतो. छोटी एक्स्टेन्शन वायर लावून तो माऊसजवळ आणा.

बटणांची जोडणी माऊसच्या स्वतःच्या मेमरीत साठते की फक्त कॉम्प्युटरमधल्या सॉफ्टवेअरमध्ये, हे नक्की विचारा. हॉस्टेलवर किंवा गेमिंग कॅफेत खेळणाऱ्यांसाठी हा फार महत्त्वाचा मुद्दा आहे, कारण तिथे सॉफ्टवेअर टाकू देत नाहीत.

एका बटणावर अनेक कामं लावण्याबद्दल

माऊसच्या एका बटणावर दहा कामांची मालिका लावता येते, पण खेळ चालवणाऱ्या कंपन्यांना ते चालेलच असं नाही. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये एका दाबाला एकच कृती, अशी अपेक्षा असते. काउंटर-स्ट्राईक २ च्या अधिकृत सर्व्हरवर ऑगस्ट २०२४ पासून कीबोर्डमधल्या ‘स्नॅप टॅप’सारख्या (उलट दिशांची दोन बटणं दाबली की शेवटचंच धरणाऱ्या) सोयी वापरणाऱ्याला सामन्यातून बाहेर काढलं जातं. आम्ही बटणं जोडून देतो, पण खातं बंद पडेल अशा मालिका बसवून देत नाही. पोराने वर्षभर खेळून उभं केलेलं खातं जाणं आम्हाला बघवत नाही.

आता कीबोर्ड

बजेट मर्यादित असेल तर आधी माऊसवर खर्च करा, कीबोर्ड नंतर. फक्त एक गोष्ट तपासा. ऑफिसच्या साध्या कीबोर्डवर नोटपॅड उघडा, दोन्ही शिफ्ट एकत्र दाबून ठेवा आणि ए पासून झेड पर्यंत टाईप करा. बहुतेक साध्या कीबोर्डवर काही अक्षरं उमटणारच नाहीत. आतल्या तारांचं जाळं समाईक असल्याने काही बटणं एकत्र दाबली की कीबोर्डला कोणतं दाबलं ते ओळखता येत नाही. खेळात धावत-वाकत उडी मारताना हेच घडतं आणि दोष खेळाडूच्या माथी येतो. म्हणून निदान सहा बटणं, जमल्यास सगळीच एकत्र ओळखणारा कीबोर्ड घ्या. ही तपासणी दुकानात समोर करून देतो.

मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाखाली वेगळा स्प्रिंगचा स्विच असतो. त्यात लाल म्हणजे सरळ आणि शांत, तपकिरी म्हणजे मध्ये हलका अडसर जाणवणारा, निळा म्हणजे टकटक वाजणारा. चेरी कंपनीच्या लाल स्विचचं बटण ४ मिलिमीटर खाली जातं, पण २ मिलिमीटरलाच काम होतं. खेळायला लाल किंवा तपकिरी. निळा फार जणांना हातात घेतल्याबरोबर आवडतो, पण वन रूम किचनमध्ये रात्री अकराला आई-बाबा झोपलेले असताना तो चालणार नाही. चुंबकावर चालणारे नवे कीबोर्ड किती दाबल्यावर काम व्हावं ते ठरवू देतात. नेमबाजीच्या खेळात त्याचा फायदा आहे, मंत्र-तलवारीच्या खेळात फारसा नाही.

आकारात घाई करू नका. ६१ बटणांचा छोटा कीबोर्ड टेबलावर छान दिसतो, माऊसला जागाही देतो. पण त्यावर एफ-१ ते एफ-१२ ची ओळ नसते. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये एफ-१ ने स्वतःला आणि एफ-२ ते एफ-५ ने साथीदारांना निवडतात, त्यामुळे गटात औषधोपचार करणाऱ्याची पंचाईत होते. त्याच कॉम्प्युटरवर दिवसा दुकानाचं टॅली चालत असेल तर १०४ बटणांचाच घ्या. पावतीला एफ-६, विक्रीला एफ-८ आणि आकड्यांचा वेगळा भाग लागतोच. मधला मार्ग म्हणजे ८७ बटणांचा : एफची ओळ आहे, बाण आहेत, फक्त उजवीकडचे आकडे नाहीत.

इनस्क्रिप्टमध्ये मराठी टाईप करणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की गेमिंग कीबोर्डवर देवनागरी अक्षरं छापलेली नसतात. स्टिकर लावता येतात, पण मग त्यातून खालचा प्रकाश दिसत नाही. डावीकडे जादा बटणांची उभी रांग असलेले कीबोर्डही मिळतात. बारा बटणांचा माऊस असेल तर ती रांग नकोच, करंगळी कंट्रोल शोधताना फसते.

आपल्या हवेत टिकण्याबद्दल

कोकण, गोवा, मुंबईच्या ग्राहकांनी रबरासारखा मऊ लेप असलेला माऊस टाळावा. दमट हवेत तो लेप दोन-तीन पावसाळ्यांत चिकट होतो आणि पुसूनही जात नाही. कडक, खरखरीत प्लास्टिक बरं. काही काळाने एका क्लिकला दोन क्लिक पडायला लागतात, ते बटणाखालच्या छोट्या स्विचचा संपर्क झिजल्यामुळे किंवा त्यावर थर बसल्यामुळे. वॉरंटीत असेल तर बदलून मिळतो, म्हणून बिल आणि सिरियल नंबर असलेला खोका जपून ठेवा. वॉरंटी संपली असेल तर माऊस फेकू नका, आमच्याकडे नवा स्विच डाग देऊन बसवून मिळतो. लॅमिंग्टन रोडवर बिलाशिवाय थोडा स्वस्त मिळाला, तरी अशा वेळी तो महाग पडतो.

माऊस घ्यायला येताना जो खेळणार आहे त्यालाच घेऊन या, हात त्याचा लागतो. मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटाच्या रेषेपर्यंतचं अंतर मोजून आलात तर उत्तम. तळवा टेकवून पकडणाऱ्याला लांब माऊस लागतो, बोटांच्या टोकांनी पकडणाऱ्याला आखूड. काउंटरवर नमुन्याचे माऊस जोडलेले आहेत, हवा तेवढा वेळ चालवून बघा. डावखुऱ्यांसाठी बारा बटणांचे माऊस फारच कमी निघतात आणि आम्ही ते शोकेसमध्ये ठेवत नाही. तुम्ही डावखुरे असाल तर आधी फोन करा, चौकशी करून मागवून ठेवू.