तेलाची पिंपे, पाण्याची पिंपे: देवमाशांची शिकारी जहाजे गुलामव्यापारात कशी शिरली

१८३५ साली ब्रिटन आणि स्पेन यांच्यात झालेल्या तहात एक यादी आहे. पकडलेल्या जहाजावर एकही गुलाम नसला, तरी या यादीतले काही सापडले की ते जहाज गुलाम आणायलाच निघाले आहे, असे धरून जप्त करता येत असे. डेकवरच्या तोंडांना बंद झाकणांऐवजी जाळीची झाकणे. गरजेपेक्षा जास्त आडभिंती. खाली आणखी एक डेक घालता येईल अशा तयार फळ्या. बेड्या आणि साखळदंड. खलाशांना पुरून उरेल इतके पाणी, किंवा पाण्याची जास्तीची पिंपे. जेवण वाढायच्या जास्तीच्या बादल्या. वाजवीपेक्षा मोठी कढई, किंवा एकाहून अधिक कढया. तांदूळ, मका, कसावाचे पीठ यांचा अवाजवी साठा. गस्तीवरच्या आरमाराला रिकाम्या जहाजांवर वर्षानुवर्षे जे दिसत आले होते, त्यातूनच ही यादी तयार झाली होती.

आता हीच यादी हातात घेऊन मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्डच्या धक्क्यावर, देवमाशांच्या शिकारीला निघालेल्या एखाद्या जहाजावर चढावे. तीनशे टनांच्या या जहाजाच्या पोटात दोन ते तीन हजार बॅरल तेल मावते, म्हणून पिंपांची रासच्या रास. डेकवर विटांची भट्टी, तिच्यात चरबी कढवायच्या दोन लोखंडी कढया, प्रत्येक सुमारे दोनशे गॅलनांची. डेकच्या खाली चरबीचे तुकडे करायचा मधला मजला, माणूस वाकून काम करील एवढ्या उंचीचा. तीन-साडेतीन वर्षांचे अन्न. दुरुस्तीसाठी फळ्या. तीस ते पस्तीस माणसे, कारण शिकारीच्या होड्या वल्हवायला तेवढी लागतातच. एवढ्याच आकाराचे मालवाहू जहाज त्याच्या निम्म्याहून कमी खलाशांत चालते. बेड्या सोडल्या तर जवळजवळ सगळी यादी इथे उभी आहे, आणि प्रत्येक वस्तूला प्रामाणिक कारणही आहे.

सांगाड्याच्या मापातही फार फरक नव्हता. गुलामव्यापारविरोधकांनी ज्याचे चित्र छापून घरोघरी पोचवले ते लिव्हरपूलचे ‘ब्रुक्स’ २९७ टनांचे होते. खालचा डेक १०० फूट लांब, २५ फूट ४ इंच रुंद. न्यू बेडफर्डला १८४१ साली बांधलेले ‘चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन’ हे शिकारी जहाज आजही मिस्टिक इथे जतन केलेले आहे. ते ३१४ टनांचे, रुंदी सुमारे २७ फूट. (मॉर्गनचा गुलामव्यापाराशी काही संबंध नव्हता, तुलना फक्त मापाची.) १७८८ च्या ब्रिटिश कायद्याने ब्रुक्सवर ४५४ माणसांची मर्यादा घातली. चित्रात प्रत्येक पुरुषाला सहा फूट लांब आणि एक फूट चार इंच रुंद जागा दिली आहे. कायद्याआधीच्या एका फेरीत त्याच जहाजाने ६०९ माणसे नेली होती.

हे दोन धंदे एकमेकांच्या शेजारी नांदण्याची गोष्ट मात्र याहून जुनी आहे. ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सच्या ब्राउन बंधूंचा स्पर्म व्हेलच्या डोक्यातल्या मेणापासून मेणबत्त्या करण्याचा कारखाना होता. १७६१ साली तिथल्या मेणबत्तीवाल्यांनी भाव बांधून घेण्यासाठी जो संघ केला, त्यात ते सामील होते. त्याच घराने १७६४ च्या सप्टेंबरात ‘सॅली’ हे जहाज एसेक हॉपकिन्सच्या ताब्यात देऊन पश्चिम आफ्रिकेला धाडले. मालात १७,२७४ गॅलन रम होती, आणि त्या मेणबत्त्याही. हॉपकिन्सने १९६ माणसे विकत घेतली. त्यांतली किमान १०९ मेली. देवमाशाचे मेण आणि माणसे एकाच हिशेबाच्या वहीत आली ती अशी.

ब्रिटनमध्ये जहाजे याहूनही सहज धंदा बदलत. लंडनच्या कॅम्डन, कॅल्व्हर्ट अँड किंग या गुलामव्यापारी पेढीला १७८९ साली ऑस्ट्रेलियात कैदी पोचवण्याचे कंत्राट मिळाले. ‘नेपच्यून’वर निघालेल्या सुमारे ५०० कैद्यांपैकी १५८ वाटेत मेले, पायांतल्या बेड्या गिनीच्या, म्हणजे पश्चिम आफ्रिकेच्या, किनाऱ्यावरच्या गुलामव्यापारातल्याच होत्या. १७९१ चा कैद्यांचा ताफाही याच पेढीकडे होता, आणि त्यातली काही जहाजे मुळात देवमाशांच्या शिकारीची: ‘ब्रिटानिया’, ‘विल्यम अँड अ‍ॅन’, ‘मॅटिल्डा’. सिडनीला कैदी उतरवून ती शिकारीला निघाली. मालकाच्या दृष्टीने सांगाडा एकच. परतीच्या वाटेवर पोट रिकामे राहू नये, एवढाच प्रश्न.

वेष पालटून गुलामव्यापार करणे हा प्रकार मात्र खऱ्या अर्थाने अमेरिकन, आणि तो १८४० नंतरचा. कारण कायद्यातल्या फटी. अमेरिकेने १७९४ सालीच आपल्या बंदरात गुलामव्यापारासाठी जहाज सज्ज करणे गुन्हा ठरवले, १८०८ पासून आयात बंद केली आणि १८२० साली या व्यापाराला चाचेगिरी ठरवून फाशीची शिक्षा ठेवली. कागदावर याहून कडक कायदा नव्हता. पण अमेरिकेचा झेंडा लावलेल्या जहाजाची झडती ब्रिटिश आरमाराने घ्यावी, हे वॉशिंग्टनला मंजूर नव्हते. १८४२ च्या तहात अमेरिकेने स्वतःच ८० तोफांचे पथक आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ठेवायचे कबूल केले. त्या पथकाकडे जहाजे थोडी होती आणि त्यांचा तळ केप व्हर्द बेटांवर, म्हणजे जिथून गुलाम नेत त्या काँगो नदीच्या मुखापासून कित्येक दिवसांच्या अंतरावर. तळ लुआंडाला हलायला १८५९ साल उजाडले. थोडक्यात, झेंडा ब्रिटिशांपासून वाचवत होता आणि शिकारी जहाजाचा वेष अमेरिकनांपासून, म्हणजे बंदरातल्या कस्टम्स अधिकाऱ्यापासून आणि समुद्रात भेटलेल्या आपल्याच आरमारापासून. या दोन ढाली एकत्र असल्याशिवाय हा धंदा जमला नसता.

त्यात जुनी जहाजे स्वस्त झाली. १८४६ च्या सुमारास अमेरिकेच्या शिकारी ताफ्यात सातशेहून जास्त जहाजे होती; १८५७ साली एकट्या न्यू बेडफर्डची ३२९. मग १८५७ ची आर्थिक मंदी आली, स्पर्म व्हेल दुर्मीळ होत गेले, आणि १८५९ च्या ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिलला खनिज तेलाची विहीर लागली. तिकडे ब्राझीलने १८५० साली गुलामांची आयात खरोखर बंद केल्यामुळे तिथले पोर्तुगीज दलाल न्यूयॉर्कला आले होते आणि त्यांची नजर क्यूबाच्या उसाच्या मळ्यांवर होती. काँगोच्या किनाऱ्यावर पन्नास डॉलरच्या आसपास घेतलेल्या माणसाला १८६० च्या सुमारास क्यूबात हजाराच्या घरात भाव येई. एवढ्या नफ्यात जहाज हा किरकोळ खर्च. माणसे उतरवून झाली की पुष्कळदा जहाज जाळून किंवा बुडवून टाकत, म्हणजे पुरावाही गेला.

फेरी कशी जमवत ते पाहण्यासारखे आहे. मालवाहू जहाजाला कोणता माल, कोणत्या बंदरात, कोणाला, याचा कागद द्यावा लागे. शिकारीला निघालेल्या जहाजाला माल नसतो आणि ठरलेले बंदरही नसते. ‘अटलांटिक महासागर आणि अन्यत्र’ अशा धर्तीची परवानगी पुरे. तीन वर्षे परतले नाही तरी कोणी चौकशी करत नाही, आणि गुलामांची फेरी तर काही महिन्यांत संपते. न्यू बेडफर्डची जहाजे खलाशी भरायला अझोर्स आणि केप व्हर्दला थांबतच असत, म्हणून पूर्वेकडे वळलेले जहाज कोणाला खटकत नसे. गॅबन-काँगोच्या किनाऱ्यालगत देवमासे खरोखरच मिळत, त्यामुळे तिथे घुटमळण्यालाही सबब होती. बराकून म्हणजे किनाऱ्यावरच्या कोंडवाड्यांत माणसे आधीच गोळा केलेली असत. निरोप पोचला की जहाज आत येई, पाण्याच्या पिंपांवर फळ्या अंथरून डेक तयार होई, आणि काही तासांत शेकडो माणसे चढवून जहाज पुन्हा खोल समुद्रात जाई. गस्तीला सापडायची वेळ तेवढीच.

पाण्याचा हिशेब केला की पिंपांचे महत्त्व कळते. सहाशे माणसे, पन्नास दिवस, माणशी रोज अर्धा गॅलन: १५,००० गॅलन. साडेएकतीस गॅलनांच्या बॅरलने मोजले तर पावणेपाचशेच्या आसपास. एखाद्या व्यापारी जहाजावर हा आकडा ओरडून सत्य सांगेल. दोन हजार बॅरलच्या शिकारी जहाजात तो कोपऱ्यात मावतो. पण अडचणही इथेच. तेल राहिलेल्या पिंपात पाणी भरले की त्याला खवट वास येतो आणि ते पिववत नाही. म्हणून कोरी किंवा नीट धुतलेली पिंपे लागतात, आणि जुन्या जहाजावर एकाएकी कोरी पिंपे येणे अनुभवी नजरेला खटकते. अर्धा गॅलनही उष्ण, कोंदट पोटात अपुराच. आव पडू लागली की शरीरातले पाणी आणखी झपाट्याने जाई, आणि वारा पडून फेरी लांबली की पहिली काटछाट पाण्याचीच होई. शिकारी जहाजांचा पुढचा भाग बोथट, चाल मंद; वेष म्हणून जे उत्तम, तेच आत कोंडलेल्यांसाठी दिवस वाढवणारे.

चोरी पकडली जायची ती बहुधा धंद्यातल्याच माणसांमुळे. हार्पूनचे, म्हणजे देवमाशावर फेकायच्या भाल्याचे, दोर पुरेसे आहेत का, होड्या नव्या की कुजक्या, पिंपे बांधणारा कारागीर घेतला आहे का, हे कस्टम्सच्या कारकुनाला सुचत नसे. धक्क्यावरच्या माणसाला लगेच दिसे. मालक गावात कोणाला माहीत नसलेला आणि रोख पैसे मोजणारा. आणखी एक खूण पगाराची. शिकारी जहाजावर महिना पगार नसतो. कोकणातल्या मासेमारी बोटींसारखा वाटा असतो, कप्तानाला बहुधा बारावा-पंधरावा, नवख्याला दीडशेवा किंवा त्याहूनही कमी. तेलाच्या वाट्याची घासाघीस न करणारा कप्तान संशयास्पदच. पुष्कळ नवखे खलाशी मात्र खरोखर शिकारीलाच म्हणून चढत आणि समुद्रात गेल्यावर खरा बेत कळे.

याच न्यू बेडफर्डमध्ये १८३८ साली गुलामीतून पळालेला फ्रेडरिक डग्लस आला. जहाजाच्या फळ्यांचे सांधे बुजवण्याचे काम त्याला येत होते. गोऱ्या कारागिरांनी ते करू दिले नाही, म्हणून त्याने धक्क्यावर पडेल ती मजुरी केली. १८४८ साली हार्पूनला फिरते टोक बसवून शिकारीची तऱ्हाच बदलणारा लुईस टेंपल हाही तिथलाच कृष्णवर्णीय लोहार.

अमेरिकेतल्या न्यू लंडनचे ‘फेम’ हे शिकारी जहाज १८४० च्या दशकात पूर्व आफ्रिकेतून गुलाम घेऊन ब्राझीलला गेले, ते या प्रकारातल्या सुरुवातीच्या उदाहरणांपैकी. शेवटचा अंक १८६१-६२ चा. लेखिका एलिझाबेथ ओक्स स्मिथ यांचा मुलगा अ‍ॅपल्टन ओकस्मिथ याचा लाँग आयलंडवरच्या ग्रीनपोर्ट इथे सज्ज होत असलेल्या ‘ऑगस्टा’शी आणि न्यू बेडफर्डच्या ‘मार्गारेट स्कॉट’शी संबंध जोडला गेला. दोन्ही जुनी शिकारी जहाजे जप्त झाली. मार्गारेट स्कॉटच्या कप्तानाला शिक्षा झाली. ओकस्मिथला १८६२ साली बोस्टनमध्ये दोषी ठरवले. सप्टेंबरात तो तुरुंगातून पळून हवानाला गेला, आणि १८७२ साली राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी त्याला माफी दिली.

या दरम्यान वारे फिरले होते. ‘ईरी’ या जहाजावर ८९७ गुलामांसह १८६० साली पकडलेला कप्तान नॅथॅनियल गॉर्डन २१ फेब्रुवारी १८६२ रोजी न्यूयॉर्कमध्ये फाशी गेला. १८२० च्या कायद्याखाली फासावर चढलेला हा एकटाच. एप्रिलमध्ये लिंकन सरकारने ब्रिटनला झडतीचा हक्क देणारा तह केला आणि झेंड्याची ढाल संपली.

मार्गारेट स्कॉट आरमाराने घेतले. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेची बंदरे कोंडण्यासाठी न्यू इंग्लंडची जुनी शिकारी जहाजे दगडांनी भरून, तळाला भोक पाडून मुखाशी बुडवण्याची योजना तेव्हा चालू होती. जानेवारी १८६२ मध्ये ते दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटनच्या एका खाडीमार्गात तळाला गेले. एके काळी उत्तर अमेरिकेत आणलेल्या आफ्रिकनांचा सर्वांत मोठा लोंढा याच बंदरात उतरला होता. लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यांनी सांगाडे खाल्ले, दगड चिखलात रुतले, आणि प्रवाहाने वाट पुन्हा मोकळी करून घेतली.