ताई, टीचर की मॅडम? नव्या पालकांसाठी

जून उजाडला की हा प्रश्न हमखास येतो, म्हणून एकदाच लिहून देतो. आमच्या बालवाडीत सगळ्या शिक्षिका ताई, तेही नावासकट: मेधाताई, रेश्माताई. मदतनीस बाई मावशी. मुलांनी ताईंना ‘तू’ म्हटलेलं चालतं. पालकांनी मात्र ‘तुम्ही’च म्हणावं, ताई तुमच्यापेक्षा वयाने लहान असल्या तरी.

खरी पंचाईत होते ती सकाळी गेटवर. “ताईंना गुड मॉर्निंग म्हण. म्हण ना! काल घरी म्हणालास की.” मूल आईच्या ओढणीत तोंड खुपसतं. कसंबसं “ताई, तू…” निघालं, की लगेच “तू नाही, तुम्ही म्हणायचं!” मग भोकाड. मागे पालकांची रांग, गल्लीत रिक्षांचे हॉर्न, आत प्रार्थना खोळंबलेली. आणि असं रडत आत आलेलं मूल शांत व्हायला अर्धा तास सहज जातो. आईचा हात सोडणं हेच त्या वयाला मोठं काम आहे. त्याच वेळी तोंडी परीक्षा नको. मुलाचा हात ताईंच्या हातात द्या, “न्यायला येते” म्हणा आणि निघा. तुम्ही स्वतः रोज “नमस्कार ताई” म्हणत राहिलात, तर मूल ते आपसूक उचलतं. उलटंही उचलतं बरं का! बाबांनी “ए मावशी, डबा कुठंय?” असा आवाज दिला, की दुसऱ्या दिवशी चिरंजीवही त्याच सुरात.

‘तू’वरून आजी-आजोबा नाराज होतात. पण आईला आणि आजीला ‘ए’ म्हणणारं मूल “ए ताई, शू!” म्हणतं, तेव्हा त्यात उद्धटपणा नसतो. ‘अहो’ आठवेपर्यंत चड्डी ओली होते, हे आम्ही नेहमी पाहतो. अहो-जाहो मोठ्या गटात गोष्टी-नाटुकल्यांतून येतंच.

‘ताई’ जुनाट वाटतं, असंही ऐकतो. बालशिक्षणासाठी आयुष्य दिलेल्या कोसबाडच्या अनुताई वाघ सगळ्यांच्या अनुताईच होत्या आणि गुजरातेत तेच काम करणाऱ्या गिजुभाई बधेकांना तर लोक ‘मूछाळी माँ’, म्हणजे मिशीवाली आई, म्हणत. त्या माळेत आम्हाला बरं वाटतं. कुणी टीचर म्हटलं तरी आम्ही ओ देतोच. इथून इंग्रजी माध्यमात गेलेली मुलं तिथे बिनदिक्कत ‘मिस’ म्हणतात आणि मार्केटात भेटली की आम्हाला ताईच.

घरी मात्र “थांब, ताईंना नाव सांगते” ही धमकी कृपा करून नको. त्यानंतर ताईंकडे यायला मूल का तयार होईल?

ताई-मावशींचे नावांसकट फोटो प्रवेशाच्या वेळी मिळतात. शाळा सुरू होण्याआधी मुलाला दाखवत राहा. नर्सरीत अजून थोड्या जागा आहेत. प्रवेश घ्यायचा नक्की नसला तरी शनिवारी सकाळी मुलाला घेऊन या, तासभर खेळू दे. त्याचे पैसे नाहीत.